मारिख्ये मावशीचा रविवार

मारिख्ये मावशी आमची कोणी नव्हती. जर्मन ज्यूंना धरून नेऊ लागले, तेव्हा बाबांच्या टोप्यांच्या दुकानात येणाऱ्या एका मास्तरांनी आम्हाला पहाटे रॉटरडॅमहून लेक नावाच्या नदीच्या बांधापाशी आणलं आणि तिच्या दारात उभं केलं. तिने आम्हा तिघांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मास्तरांना म्हणाली, "दोन म्हणाला होतात." मग माझ्याकडे बघत, "बरं, ही अर्धीच आहे," असं पुटपुटून ती दारातून बाजूला झाली.

तिचं सगळं असंच. माया करायची, पण ती कोणाला कळू नये याची खबरदारी घेऊन. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, दोन गाई, आणि गावातल्या कडक चर्चमध्ये तिसऱ्या ओळीत ठरलेली जागा. गाईंच्या वरच्या माळ्यावर, गवताच्या भिंतीमागे आम्ही राहायचो. मावशी घरात असली की खाली यायची मुभा. ती बाहेर गेली की घर रिकामं आहे असं समजून वागायचं. मोज्यांवर चालायचं, पंपाला हात लावायचा नाही, खोकला आला तर उशीत तोंड खुपसायचं. बांधावर सायकलची घंटी वाजली तरी आईचा हात माझ्या तोंडावर यायचा. मला खरं तर जर्मनांपेक्षा त्या हाताची भीती वाटायची.

पण भीतीसुद्धा दिवसभर पुरत नाही. उरलेल्या वेळात त्या घरात भांडणं व्हायची आणि सगळ्यांत मोठं भांडण वाराचं होतं. आम्ही ज्यू, आमचा शब्बाथ, म्हणजे पवित्र वार, शनिवारी. लपून बसलो असलो तरी आई शनिवारी चूल पेटवायची नाही. मावशीचा पवित्र वार रविवार, आणि तिच्या चर्चची माणसं रविवारी बटाटासुद्धा सोलत नसत. शनिवारी मावशी कुरकुरत का होईना, आमच्यासाठी चूल पेटवायची. रविवारी आई काडेपेटी घेऊन पुढे झाली की मात्र ती चुलीसमोर उभी राहायची.

"माझ्या घरात नाही, रोझेट."

"अगं, पण मला कुठे मनाई आहे?"

"माझ्या धुरांड्याला आहे."

बाबा कालचा थंड बटाटा चघळत म्हणायचे, "दोन बायांच्या दोन देवांमध्ये माझं पोट अडकलंय."

"देव एकच आहे, हार्तोख. वार तुमचा चुकलाय."

"आमचा आधीचा आहे," आई हळूच म्हणायची. यावर मावशीकडे खरं उत्तर नव्हतं आणि खोटं तिला देता येत नव्हतं. शेजारणीने केक कसा झालाय विचारलं, तर "कोरडा" असं सांगून मोकळी होणारी बाई ती. आम्हाला लपवतानाही ती तोवर एकदाही खोटं बोलली नव्हती. कोणी काही विचारायला धजू नये इतकं तुसडं वागायचं, ही तिची युक्ती होती.

दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरात मावशीला खोकला लागला. रविवार उजाडला तो पावसातच. ती काळा कोट चढवून निघाली, तेव्हा तिच्या छातीतून घरघर ऐकू येत होती.

"आजच्या दिवस राहा की घरी," आई म्हणाली.

"तुझ्या शनिवारी तू हे ऐकलं असतंस?" असं विचारून मावशी गेली.

आई आम्हाला घेऊन माळ्यावर चढली. मग बाबांना म्हणाली, "ती भिजून येणार. तिच्या पोटात कढत काहीतरी गेलंच पाहिजे."

"भांडं वाजवू नकोस म्हणजे झालं," बाबा म्हणाले.

आम्ही शहरातली माणसं. आवाजाला घाबरायचं हे आम्ही शिकलो होतो, धुराला घाबरायचं हे कोणी शिकवलं नव्हतं. रॉटरडॅमला रविवारी सगळीच धुरांडी धूर सोडतात, त्यातल्या आपल्या धुराकडे कोण बघतंय? आई मोज्यांवर खाली गेली, चूल पेटवली आणि वाटाण्याचं सूप चढवलं.

पुढचं सविस्तर आम्हाला युद्धानंतर तेउनिसच्या बायकोकडून कळलं. तेउनिस म्हणजे मावशीच्या चर्चची शिस्त सांभाळणारे पंच. चर्च सुटलं, माणसं बांधावर आली. त्या सपाट मुलखात बांधावरून गावातली सगळी छपरं दिसतात आणि रविवारी एकावरही धूर नसतो. त्या दिवशी एका छपरावर होता. एकट्या राहणाऱ्या बाईच्या छपरावर, आणि ती बाई तर त्यांच्यातच उभी होती.

"मारिख्ये," तेउनिसनी विचारलं, "तुझ्या घरी कोण आलंय?"

सगळे थांबले. त्यांत दूध केंद्रावरचा एक माणूस होता. त्याची जर्मनांच्या कचेरीत उठबस असे. मावशी धुराकडे बघत राहिली आणि मग त्यालाही ऐकू जाईल असं म्हणाली, "कोण येणार? निघताना मीच पेटवली. थंडी वाजत होती. सूप ठेवलंय."

"रविवारी?"

"हो, रविवारी."

बायका तिच्यापासून बाजूला सरकल्या. केंद्रावरचा माणूस हसला आणि सायकलवर बसून निघून गेला.

घरी आल्यावर मावशीने दाराला कडी घातली. "घरात कोणी मरायला टेकलंय का, चूल पेटवायला?" तिने विचारलं.

"नाही गं," आई म्हणाली आणि मावशीचा चेहरा बघून धूर दिसला असणार हे तिच्या लक्षात आलं. मावशीने घडलेलं चार वाक्यांत सांगितलं. आई रडायला लागली, तेव्हा मावशीने खुर्ची ओढली. "रडणं नंतर. पाप माझ्या नावावर लागलंच आहे, तर सूप तरी गरम वाढ."

त्याच आठवड्यात तेउनिस आले. आम्ही वर श्वास रोखून ऐकत होतो. "मंडळीसमोर पश्चात्ताप झाला म्हण, विषय संपेल. नाहीतर प्रभुभोजनाच्या मेजावर तुला जागा नाही."

"जे मी केलं, त्याचा मला पश्चात्ताप नाही," मावशी म्हणाली.

ते गेल्यावर ती दूध काढायला बसली आणि गाईच्या पोटाला कपाळ टेकून तशीच राहिली. बादली रिकामीच होती. मी फटीतून बघत होते. वर्षातून मोजक्या वेळा प्रभुभोजनात मिळणारा तो भाकरीचा तुकडा आणि द्राक्षारसाचा घोट तिला काय होता, हे मला तेव्हा समजलं. मला खाली धावत जाऊन तिला मिठी मारावीशी वाटली, पण आईने धरून ठेवलं.

मे महिन्यात जर्मन गेले. आम्ही भर दुपारी अंगणात बसलो होतो, तेव्हा तेउनिस आले. आम्हाला बघून त्यांनी टोपी काढली.

"मारिख्ये, तू रविवार मोडला नव्हतास. ये मेजावर."

"रविवार नाही मोडला. पण चर्च सुटल्या सुटल्या तुमच्या तोंडावर खोटं बोलले, त्याचं काय?"

"पश्चात्ताप झाला म्हण. देव माफ करेल."

"झाला नाही ना. उद्या तसाच धूर निघाला तर तेच सांगेन. आणि पश्चात्ताप नसताना त्या मेजाशी बसायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत."

आईने तिचा हात धरला. "अगं, म्हण की. एका शब्दाचा तर प्रश्न आहे."

"तुझ्यासाठी एकदा खोटं बोलले, रोझेट. आता देवापुढे दुसऱ्यांदा बोलायला लावू नकोस."

त्या मेजाशी ती मरेपर्यंत बसली नाही. चर्च मात्र तिने एकदाही चुकवलं नाही. प्रभुभोजनाच्या रविवारी सगळे उठून पुढे जात आणि तिसऱ्या ओळीत ती एकटी उरे. आम्ही रॉटरडॅमला परतल्यावर हे तेउनिसच्या बायकोने कळवलं, तेव्हा पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी आईने बाबांच्या दुकानातली सगळ्यांत चांगली टोपी घातली आणि पहिल्या बसने निघाली. मीही बरोबर होते. जन्मात चर्चची पायरी न चढलेली माझी आई थेट आत गेली आणि तिसऱ्या ओळीपाशी थांबली.

"तुझं इथे काय काम?" मावशी पुटपुटली.

"त्या मेजावर मलाही जागा नाही," आई म्हणाली. "सरक."

मावशी सरकली. पुढे प्रभुभोजनाच्या प्रत्येक रविवारी आई त्या बसने जात राहिली आणि सगळे मेजाकडे गेले की त्या ओळीत दोघी उरायच्या.