पाय भरून आला होता

पिस्कॅटवे, ऑक्टोबर २००६

मिहिर, सई, रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, आजोबा कॅन्सरने डाय झाले ना?" तुमच्या बाबांनी मागूनच "हो" म्हणून विषय संपवला. ते उत्तर अर्धवट आहे, म्हणून आज लिहायला बसले. तिकडे ईडन प्रेरीच्या घरी बाबांकडूनच हे वाचून घ्या.

फुप्फुसाचा कॅन्सर होताच. पण सुरुवातीची केमो आजोबांनी चांगली सोसली. नीताआत्या त्यांना ओक ट्री रोडवरच्या आपल्या देशी दुकानांत भाजीला नेई. हे प्रत्येक भेंडीची शेंडी मोडून बघत, दुकानदाराची बोलणी खात आणि खुशीत परतत. एकदा तिथूनच लंगडत आले. "पाय भरून आलाय गं," म्हणाले. चालून दमल्यावरही आपण असंच म्हणतो, त्यामुळे नीता म्हणाली, "बाबा, आता दोन दिवस रेस्ट घ्या."

पुढच्या तपासणीत आजोबा स्वतःच बोलले. जन्मभर मराठीतून गणित शिकवलं, तरी आपल्या वतीने दुसरं कुणी बोललेलं त्यांना खपत नसे.

"डॉक्टर, माय लेग इज फुल."

"फुल ऑफ व्हॉट?"

"फुल ऑफ न्यू जर्सी!"

सगळे हसले... मी इंग्रजीत स्पष्ट सांगितलं, एकच पाय सुजलाय, डावा, जरा पँट वर करून बघा. डॉक्टरांची नजर छातीच्या स्कॅनवरून हलली नाही. केमोने थकवा येतोच, म्हणाले. नीता कुजबुजली, "आई, प्लीज, त्यांना त्यांचं काम करू दे."

काम! त्याच आठवड्यात नाश्ता करताना आजोबांचा श्वास कोंडला. पोटरीतली रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसात अडकली होती. त्यातून ते उठले नाहीत.

मग मला सगळं समजावण्यात आलं. कॅन्सरच्या गाठीमुळे रक्त लवकर गोठतं, फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये हा धोका मोठा. गुठळी विरघळताना तिचे कण रक्तात उतरतात, ते मोजणारी डी-डायमर नावाची तपासणी असते. यांची ती केली, पण हे बेशुद्ध पडल्यावर. "कुणाला गुठळी होणार हे आधी खात्रीने सांगणारी खूण अजून आमच्याकडे नाही," डॉक्टर म्हणाले. नसेल. सुजलेली पोटरी बघायला कसली खूण लागते?

नीता म्हणते, "आई, सोड ना आता." परवा ती यांचे चालायचे बूट देऊन टाकायला निघाली. मी देऊ दिले नाहीत. उजव्याची नाडी घट्ट बांधलेली आहे. डाव्यात पाय मावेना, म्हणून त्यांनी त्याची नाडी पार खालपर्यंत सैल केली होती... ती तशीच आहे. बूट दाराशी आहेत.