सहाशे पावलांवरची सहल

खंडू मयेकर बायकोला घेऊन गणपतीपुळ्याला पर्यटनाला निघाला, तेव्हा त्याला गणपतीपुळ्यातच राहून छप्पन्न वर्षं झाली होती. घरापासून हॉटेल सहाशे पावलांवर. एवढ्या प्रवासासाठी तुळसाने दोन बॅगा भरल्या, गॅस बंद केला, कोंबड्यांना दाणे टाकले आणि शेजारच्या आनंदीबाईंकडे किल्ली दिली.

"उद्या दुपारपर्यंत येतंय," ती म्हणाली.

"सावकाश या. पोचल्यावर फोन करा," आनंदीबाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावरची एक रेघही हलली नाही.

हा सगळा घाट मुलाचा. सुजय पनवेलला नोकरीला. आईवडिलांच्या लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून त्याने त्यांच्यासाठी समुद्राकडे तोंड असलेली खोली घेतली होती. त्याचं सगळं बालपण याच किनाऱ्यावर गेलेलं. त्यामुळे इथे पाहण्यासारखं काय आहे हे त्याला इंटरनेटवरून कळलं. खंडू फोनवर नको नको म्हणाला. "बाबा, आता पैसे परत मिळत नाहीत," सुजय म्हणाला, आणि विषय संपला. वाया जाणाऱ्या वस्तूपुढे खंडूचं कधीच काही चाललेलं नव्हतं.

त्याची खरी अडचण निराळी होती. खंडू याच किनाऱ्यावरचा जीवरक्षक. सतराव्या वर्षी तो मासेमारीच्या लाँचवर खलाशी म्हणून चढला आणि पंचविसेक वर्षांनी गुडघे दुखायला लागल्यावर उतरला. त्यानंतरची चौदा वर्षं लाल बनियन घालून, गळ्यात शिटी अडकवून वाळूवर येरझाऱ्या. काम सांगायला सोपं: माणसं मोजायची. देशावरचा माणूस समुद्र दिसला की आधी चपला काढतो आणि मग विचार करायचं थांबवतो. ज्याला घरी पोरं पाण्याच्या टाकीजवळ गेलेली खपत नाहीत, तो इथे त्याच पोरांना खांद्यावर घेऊन लाटेत शिरतो. खंडू गाडीतून उतरणारी डोकी मोजायचा, पाण्यातली मोजायचा, बाहेर आलेली मोजायचा. हिशेब जुळला की पुढची गाडी.

एकदा जुळला नव्हता. बारा वर्षांपूर्वी सात कॉलेजकुमार पाण्यात गेले आणि सहा बाहेर आले. खंडू पोहत गेला, त्या मुलाचं मनगट त्याच्या हातात आलं आणि सुटलं. सगळे म्हणाले, खंडूने शिकस्त केली. खंडूही तसंच म्हणायचा. तेव्हापासून तो जेवतानाही दर पाच मिनिटांनी उठून खिडकीपर्यंत जाऊन यायचा. खिडकीतून अंगणातल्या कोंबड्या दिसायच्या. त्याही तो मोजायचा.

तुळसाची गोष्ट त्याहून लहान. ती देवरूखच्या वरच्या अंगाच्या डोंगरातली. लग्न ठरलं तेव्हा तिने मैत्रिणींना सांगितलं होतं, आता रोज समुद्रात आंघोळ. आल्यावर सासूने सांगितलं, समुद्रात बापये कामाला जातात, आंघोळीला न्हाणीघर आहे. सासू गेली आणि तिची गादी खंडूने चालवली. त्याच्याकडे कारणांचा तोटा नव्हता. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, तेव्हा पाणी जोरात. अष्टमीला भांग, पाणी गरीब. पण गरीब पाणी फसवतं. उरलेल्या दिवसांत शनिवार-रविवारची गर्दी, आणि सोमवारी खंडूला थकवा. तीस वर्षांत तुळसाची घोट्याच्या वर समुद्राशी ओळख झाली नव्हती.

हॉटेलात शिरताना ती म्हणाली, "मी काय बोलतंय, आता आपून पावणे ना? पावणी माणसं जातात पाण्यात. उद्या जाव्या."

"बघू."

"बघू न्हाय. उद्या दुपारी खोली सोडायचीय. परत घरी गेलं की तुमी जीवरक्षक."

खंडूने खोलीत जाऊन बॅगा टेकवल्या. तो पडदा सरकवून बाहेर बघत होता.

संध्याकाळभर त्याने सुट्टी घेण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला. गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीत बसला, उठला, दुसऱ्या खुर्चीत बसला. चहा आला तो उभ्याने प्यायला. मग 'जरा पाय मोकळे करतो' म्हणून खाली गेला. त्याच्या बदली कामावर असलेला मितेश आता चाळिशीचा होता आणि पोहण्यात त्याच्यापेक्षा सरस होता.

"तात्या, काय सेवा करू? उंटावर बसवू?" मितेश म्हणाला.

"त्या निळ्या शर्टवाल्याला बघ. पुढे चाललाय."

"तो घोडागाडीवाल्याचा मेव्हणा. रोज जातो. तात्या, तुमी आज गिऱ्हाईक हाव. गिऱ्हाइकासारखं वागा. कणीस खावा, फोटो काढा, कचरा टाका."

तीन चकरा झाल्यावर मितेशने त्याला अदबीने हॉटेलच्या फाटकापर्यंत पोचवलं. जेवणात सुरमई होती. तिला बर्फात किती दिवस झाले ते खंडूने वाढप्याला सांगितलं. वाढपी बिहारचा होता. त्याने ती तारीफ समजून आणखी एक तुकडा वाढला.

सकाळी तो साडेपाचला गॅलरीत. द्वादशी होती. भरतीची वेळ काढायला किनाऱ्यावर घड्याळ लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची. बारा पाऊण नऊ. म्हणजे नऊपर्यंत पाणी भरत राहणार, लाट माणसाला किनाऱ्याकडे ढकलणार. नऊनंतर पाणी उलटणार आणि ओढ सुरू. त्यात वार बुधवार, गर्दी नाही, वारा पडलेला. तीस वर्षांत इतका गैरसोयीचा चांगला दिवस उगवला नव्हता.

"कितीपर्यंत बरं हाय पाणी?" तुळसाने मागून विचारलं. तीस वर्षांत तिलाही पाऊणपट येत असणार, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

"नऊ. पण तळाला खड्डे असतात. मी आधी बघून येतो. आज नको, दिवाळीनंतर..."

"बरं," ती म्हणाली. "मी देवळात जातंय. प्रदक्षिणा करून येतंय."

प्रदक्षिणा म्हणजे अख्ख्या टेकडीला वळसा. ती इतक्या सहज ऐकेल असं त्याला वाटलं नव्हतं. सुटलो असं वाटलं, आणि लगेच ते सुटणं त्याला बोचायला लागलं. तो खोलीत येरझाऱ्या घालू लागला. पलंगावरची चादर ओढून सरळ केली. न्हाणीघरातला गळका नळ आवळला. साबणाच्या दोन वड्या कागदात गुंडाळून बॅगेत टाकल्या, मग एक परत ठेवली.

साडेआठला एक बस लागली. गडहिंग्लजकडचा महिलांचा बचतगट. सगळ्यांच्या डोक्यावर सहलवाल्याने दिलेल्या पिवळ्या टोप्या. खंडूने मोजल्या: एकोणीस. बायकांनी साड्या वर खोचल्या, एकमेकींचे हात धरले आणि किंचाळत पाण्यात शिरल्या. खंडूने पुन्हा मोजलं. वीस.

तो गॅलरीच्या कठड्याशी गेला. डोकी कमी भरली की काय करायचं ते त्याला ठाऊक होतं. जास्त भरली तर काय करायचं, हे कोणत्याच प्रशिक्षणात सांगितलेलं नव्हतं. त्याने उजवीकडून मोजलं, मग डावीकडून. पिवळ्या टोप्या एकोणीस, आणि मधोमध एक बिनटोपीचं डोकं. त्या डोक्यावरच्या अंबाड्यात अबोलीचा गजरा होता. आनंदीबाईंच्या अंगणातली अबोली त्याने लांबूनही ओळखली.

तो जिना कसा उतरला हे त्याला पुढे कधी आठवलं नाही. वाळूत चप्पल रुतली ती तिथेच राहिली. पाण्याच्या कडेशी पोचला तेव्हा नऊला दहा कमी होती.

"तुळसा! बाहेर ये!"

तुळसाने मागे पाहिलं. कमरेपर्यंत पाण्यात उभी होती ती, दोन्ही हात दोन अनोळखी बायकांच्या हातात. चेहरा लग्नाच्या फोटोतल्यापेक्षा बराच बरा दिसत होता.

"अजून धा मिनटं हायत," ती ओरडून म्हणाली.

"खड्डा असतो गो तिथे!"

"न्हाय. मी उभी हाय ना तिथं!"

खंडू पुढे सरला. घोटा, पोटरी, गुडघा. तिथे त्याचे पाय थांबले. लाट आली, गुडघ्यावरून गेली, परतली. तो हलला नाही. पुढचं पाणी कमरेइतकंच होतं, त्याखालची वाळू त्याला पाठ होती, पण पाय आपले नसल्यासारखे उभे होते. उजवा हात मात्र त्याने नकळत पुढे केला होता आणि मूठ घट्ट मिटली होती. मुठीत काही नव्हतं.

साखळीच्या टोकाची एक दांडगी बाई हे बघत होती.

"काय वो मावशी, तुमचं मालक न्हवं का ते? तिथंच का थांबल्यात?"

आता ही सांगणार, खंडूच्या मनात आलं. सांगणार, की हे इथले जीवरक्षक. मग एकोणीस बायका हसणार, आणि संध्याकाळपर्यंत उंटवाल्यापर्यंत बातमी जाणार.

तुळसा त्याच्याकडे बघत राहिली. चौदा वर्षं त्याच्या विजारी तीच धूत होती. पहिली दोन वर्षं त्या कमरेपर्यंत खारट असायच्या. मग मिठाची पांढरी रेघ गुडघ्यावर आली आणि त्याच्या वर कधी चढलीच नाही. मितेशला ते कळलं नव्हतं, पंचायतीला कळलं नव्हतं, आणि खंडूने स्वतःलाही कळू दिलं नव्हतं.

"भीती वाटते त्यांना," तुळसा म्हणाली. हळू, पण त्याला ऐकू जाईल इतपत.

"अगं बया! मग आधी सांगायचं की." ती बाई पाणी कापत त्याच्याकडे आली. "काका, घाबरू नगासा. पैल्यांदा सगळ्यास्नी असंच हुतंय. म्या बी बोंबललेव मगाशी. धरा ह्यो हात. खाली बघू नगासा, बायकूकडं बघा."

आयुष्यभर समुद्रावर काढलेल्या खंडू मयेकराला गडहिंग्लजच्या बाईने समुद्र समजावून सांगितला. त्याने मूठ सोडली आणि तिचा हात धरला.

"हां, अस्सं! यमुना, सरक गं, काकास्नी मधी घे."

साखळी उघडली. तुळसाने ओल्या हाताने त्याचं मनगट पकडलं, चांगलं घट्ट, नखं रुतेपर्यंत. लाट आली तेव्हा एकवीस माणसं एकदम ओरडली.