मॅडमनं दुसऱ्याच पोरीले उभं केलं

तिसरीत मले हिंदी वाचता येत नव्हतं, म्हणून मॅडम आमाले चौघींले रोज प्रार्थनेनंतर वेगळं बसवून शिकवत. हळूहळू मी आख्खी गोष्ट वाचाले लागली, अडखळत, पण स्वतः. मॅडम म्हणाल्या, तपासणीचे साहेब आले की तूच वाचशील. इतकी खुश होती मी, आईले दहादा वाचून दाखवली.

साहेब आले, अन् मॅडमनं आमच्या चौघींतली नाही, वर्गातली सगळ्यात हुशार पोरगी उभी केली अन् साहेबांले म्हणाल्या, "सर, ये बच्ची पहले अक्षर भी नहीं पहचानती थी." ती धडाधड वाचून गेली.

मी हळूच विचारलं, "मॅडम, मेरा नंबर?"

"तू अटकती है बेटा, बैठ जा."

घरी आई म्हणे, "वाचलं का वं?" मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी मॅडमनं पुस्तक पुढं केलं, तर मी मुद्दाम तोंडच उघडलं नाही.