मला गेस्टवर टाकलं
मुलाने राउटरला हात घातला तेव्हा मला बरंच वाटलं. टीव्हीच्या मागे धूळ खात पडलेला तो डबा त्याने काढून उंचावर ठेवला, लॅपटॉपवरून त्याचा चॅनल बदलला, आणि रविवारची दुपार घरभर फिरून स्पीड मोजण्यात घालवली. गुडगावच्या या फ्लॅटमधून तो अर्धा आठवडा घरूनच काम करतो. कॉल अडकला की साहेबाचा राग आमच्यावर निघतो.

"आई, तुझा टॅब गेस्ट वायफायवर टाकलाय," तो म्हणाला. "थोडी लिमिट लावलीये, म्हणजे आमची लाइन डिस्टर्ब नाही होणार. तुला काय यार, मावशीशी गप्पाच तर मारायच्यात."

उभं आयुष्य टेलिफोन एक्सचेंजात काढलेल्या बाईला हा लाइन शिकवत होता! ट्रंक कॉलच्या दिवसांत साध्या कॉलला ताटकळत ठेवून अर्जंटवाल्याला आधी जोडून द्यायचं काम मीही केलंय. पण साध्या कॉलवाल्याला आम्ही पाहुणा म्हणत नव्हतो. पुण्याचं घर मोडून मी इथे राहायला आले, असा माझा आपला समज होता.

आणि गप्पा कसल्या! सोलापूरला माझ्या धाकट्या बहिणीला पक्षाघात झाला, तिची वाचा गेली. समोर बसून तिच्याकडून एकेक शब्द म्हणवून घ्या, तिला तुमचे ओठ दिसले पाहिजेत, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. रोज दुपारी तिची सून तिच्यासमोर फोन धरायची. मी "पाणी" म्हणायचे, ती "पा"वर अडायची, तिला घाम फुटायचा. हळूहळू "पाणी" आलं, मग "भाकरी" आलं. एकदा ती मला "ताई" म्हणाली. त्या दिवशी मी जेवताना रडले, आणि मुलाने विचारलं, भाजी तिखट झालीये का?

गेस्टवर गेल्यापासून तिचं तोंड उघडं असतानाच चित्र थिजायला लागलं. आवाज तुटायचा. मी म्हणायचे, "परत म्हण." ती परत म्हणायची. "नाही गं, नीट म्हण. परत." असं कितीतरी दिवस चाललं. शेवटी तिच्या सुनेचा धीर सुटला. "मावशी, त्या बरोबर म्हणतायत. पहिल्यांदाच बरोबर म्हणतात. तुम्ही सारखं परत म्हणायला लावता, म्हणून त्यांना वाटतं, आपल्याला जमतच नाही."

मी हे मुलाला सांगितलं. तो मान वर न करता म्हणाला, "बिल्कुल, बघतो. पण आत्ता सेटिंग जमलंय, त्याला हात नको." हा 'बिल्कुल' तो दिल्लीला आल्यावर शिकला. त्याचा अर्थ 'नाही' होतो, हे मी त्याच्याकडून शिकले.

मग माझ्या सुनेचा भाऊ नोएडाहून दोन दिवस राहायला आला. बूट काढता काढताच त्याने वायफाय विचारलं. मी म्हटलं, "पाहुण्यांसाठी वेगळं आहे की."

"छे, गेस्ट फार स्लो आहे," मुलगा म्हणाला, आणि त्याने घरचा पासवर्ड मोठ्याने सांगितला. मी तिथेच उभी होते. त्याला लाजही वाटली नाही. लाज वाटायला समोर माणूस आहे हे तरी दिसायला हवं.

एक्सचेंजातल्या बाईचे कान आहेत माझे. खोलीत जाऊन मी तो पासवर्ड टॅबमध्ये घातला आणि सोलापूरला फोन लावला. चित्र लख्ख आलं. बहीण खुर्चीत बसली होती, केस नीट विंचरलेले.

"पाणी म्हण," मी म्हटलं.

ती हलली नाही. मी ओठ मोठे करून पुन्हा म्हटलं, "पाणी." तिचे डोळे माझ्यावर होते आणि तोंड घट्ट मिटलेलं. मेलं परत अडकलं, असं म्हणून मी टॅब खिडकीपाशी नेला, उंच धरला. मग तिच्या मागच्या भिंतीकडे माझं लक्ष गेलं. तिथला पंखा फिरत होता.