आत्याचे हार्मोन

धारूरमधली बाकीची माणसं जगातल्या बऱ्यावाईटाचा दोष देवाला, नशिबाला किंवा सरकारला देतात. आमची आत्या तो सरसकट हार्मोनला देते. आयुष्यभर खेड्यापाड्यांतल्या उपकेंद्रांवर नर्सची नोकरी करून ती निवृत्त झाली आणि आमच्या घरी, म्हणजे तिच्या माहेरी, कायमची राहायला आली. तेव्हापासून आमच्या घरात कुणाला साधा राग येण्याची सोय उरली नाही. आवाज जरा चढला की आत्या येऊन मनगट धरते, घड्याळाकडे बघत नाडी मोजते आणि विचारते, "कवा जेवला व्हतास?" माझ्या बायकोचा आणि माझा एकही वाद त्यामुळे धड शेवटापर्यंत गेलेला नाही. गल्लीतल्या दोन सख्ख्या भावांनी बांधावरून एकमेकांवर काठ्या उगारल्या, तेव्हा सगळा गाव लांबून बघत होता. आत्या भाकरी आणि ठेचा घेऊन दोघांच्या मधे जाऊन बसली. "आधी खावा. उपाशीपोटी अंगात भांडनाचा हारमोन चढतो. पोट भरल्यावर मारा एकमेकाला, मी न्हाई अडवनार." दोघं जेवले. जेवल्यावर दोघांनाही झोप आली आणि काठ्या तिथंच राहिल्या. बांधाचा दावा आजही चालू आहे, पण तो आता वकील भांडतात.

लग्नात तिला नेणं धोक्याचं. पाठवणीच्या वेळी नवरी रडत असते, नवरीची आई रडत असते, आणि आमची आत्या शेजारच्या पाहुणीला मोठ्यानं समजावून सांगत असते की नवरीचं रडणं वेगळ्या हार्मोनचं आणि आईचं वेगळ्या, कारण आईची पाळी जाण्याचं वय झालेलं आहे. मी दहावीत असताना ती सुट्टीला आली होती. माझा आवाज फुटला होता आणि तोंडावर पुरळ आले होते. त्याचं कारण तिनं माझ्या चार मित्रांसमोर इतक्या शास्त्रशुद्ध भाषेत सांगितलं की त्यातला एक मित्र अजूनही मला भेटला की खाली बघतो. लाज नावाची गोष्ट तिच्या शरीरात तयारच होत नसावी, असं माझे वडील म्हणत.

पण तिचं ऐकून भलं झालेलेही बरेच होते. समोरच्या म्हातारबाची म्हैस पान्हा चोरायला लागली. तो तिला शिव्या देई, काठीनं ढोसे, आणि म्हैस आणखीच आटून जाई. आत्या गोठ्यात जाऊन उभी राहिली. "घाबरलेल्या जीवाला पान्हा फुटत न्हाई, दादा. म्हशीला न्हाई अन् सुनंलाबी न्हाई. घरातला आरडाओरडा पंधरा दिवस बंद ठेवा, मंग बगा." म्हातारबाची सून बाळंतीण होती, हे तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं. म्हातारबानं तोंड बंद ठेवलं. म्हैस दूध देऊ लागली. सुनेचं काय झालं ते बाहेर कुणी सांगितलं नाही, पण त्या घरातून आत्यासाठी खवा आला.

गेल्या दिवाळीच्या आधी मात्र एक गोष्ट घडली, आणि आत्याकडे बघण्याची माझी नजर बदलली. आमच्या मागच्या बाजूला सुनीता आणि बाळू हे जोडपं राहतं. दोघं दरवर्षी ऊसतोडीला जातात. सुनीता सव्वीस वर्षांची, दोन लेकरांची आई. तिच्या अंगावरून पांढरं जात होतं, ओटीपोट दुखत होतं. कुठल्याशा खाजगी दवाखान्यात दाखवलं तर तिथं सांगितलं, पिशवी खराब झाली आहे, पुढं कॅन्सर होईल, काढून टाका. टोळीचा मुकादमही तेच म्हणत होता, कारण पाळी नसली की बाईचा कामावर खाडा पडत नाही. ऑपरेशनला जायच्या आदल्या दिवशी आत्याला हे कळलं. ती तडक त्यांच्या अंगणात गेली, आणि ती भांडण करील या भीतीनं मीही मागोमाग गेलो. मुकादम खाटेवर बसला होता.

बाळू म्हणाला, "नर्सबाई, दोन लेकरं झाली. आता पिशवीचं काय काम हाय?"

"तुलाबी दोन लेकरं झाली की," आत्या म्हणाली. "मंग तुजं काय काय काढायचं, सांग."

मुकादमाला हसू आलं. ते त्यानं खोकल्यात दडवलं. म्हणाला, "बाई, तुमी जुनी मानसं. डागदर खोटं सांगंल व्हय?"

आत्या एखाद्या पेशंटची माहिती वरच्या डॉक्टरला सांगावी तशा आवाजात बोलू लागली. "मी चोवीस वर्साची व्हते. पोटात गाठ हाय म्हनून माजी पिशवी काढली, संगं दोनी अंडाशयं. पुढं काय व्हनार, कुनी सांगितलं न्हाई. म्हैन्याभरात अंगातून जाळ निगाया लागला. झोप गेली. मी ताटं फेकाया लागले, सासूच्या अंगावर जाया लागले. ती म्हनली, हिला बाहेरचं हाय. अंगारे झाले, देवऋषी झाला. नवरा वाईट नव्हता, त्यानं वरीसभर वाट बगितली, मंग हितं आनून सोडलं. फुडं नर्सच्या ट्रेनिंगला गेलते तवा पुस्तकात हेच सगळं छापलेलं दिसलं. जाळ, झोप, राग, समदं. अंडाशय गेलं की हारमोन जातो अन् असं व्हतंय. तवर मला वाटायचं, मीच वाईट हाय."

तिला जिथं आणून सोडलं त्याच घरात मी जन्मलो, वाढलो. आम्हाला एवढंच माहीत होतं की आत्याचं सासरी जमलं नाही.

सुनीता इतका वेळ चुलीपाशी पाठमोरी बसली होती. ती न वळताच म्हणाली, "मला न्हाई काढायची." बाळूनं मुकादमाकडे पाहिलं. मुकादम चपला शोधू लागला.

दुसऱ्या दिवशी आत्या दोघांना एसटीनं बीडच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली, कॅन्सरचीही तपासणी केली. पिशवी चांगली होती, आत जंतूंची लागण होती. गोळ्या दिल्या, आणि त्या नवरा-बायको दोघांनीही घ्यायच्या, असं बजावलं. बाळूला हा अन्याय वाटला. आत्या रोज संध्याकाळी त्याला समोर बसवून गोळी गिळायला लावी आणि तोंड उघडून जीभ दाखवायला सांगे. दोघं टोळीत पंधरा दिवस उशिरा गेले आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत आले; सुनीता धडधाकट होती. मुकादमाचं म्हणाल तर त्यानं आत्याशी बोलणं सोडलं, पण त्याची बायको एका दुपारी मागच्या दारानं आली आणि तासभर आत्याच्या खोलीत बसून गेली.

त्यानंतर एकदा, भुईमुगाच्या शेंगा सोलताना, मी आत्याला विचारलं, "तुझ्या नवऱ्याला हे कधी कळलं का गं?"

"सांगाया गेलते की. पुस्तक पिशवीत घालून सासरी सिरसाळ्याला गेलते." ती शेंगा सोलतच होती. "त्यांचं दुसरं लगीन झालं व्हतं. ते शेतात गेलते. बाई घरात एकटीच, आठवा म्हैना. तिनं चहा केला. पाय लई सुजले व्हते बिचारीचे. बीपीचं मशीन संगंच व्हतं, म्या बीपी बगितलं, मीठ कमी कर म्हनले, आठवड्यात दवाखान्यात जा म्हनले, अन् परतीच्या गाडीनं आले."

"आणि पुस्तक?"

"न्हाई काडलं. तिला घाबरं केलं असतं कशाला?"

मी विचारलं, ती बाई बाळंतपणातून नीट सुटली का.

"सुटली. तिकडच्या नर्सबाईला इचारत व्हते मी. पोरगी झाली," आत्या म्हणाली, आणि मग पोरीचं नावही तिनं मला सांगितलं.