दाजींच्या तारा

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याइतका तारेवर जीव टाकणारा माणूस उभ्या नगर जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. सोनईला आमच्या दाजींची शेती होती, विहिरीवर नवी विजेची मोटार होती आणि विहीर घरापासून अर्ध्या मैलावर होती. हे अंतर दाजींना मान्य नव्हतं. "पाव्हणं," ते मला म्हणत, "मानसानं शेताकडं खेटे घालायचे कशाला? शेतानंच घरी निरोप धाडावा." भिंगारच्या भंगारवाल्याकडून त्यांनी लष्कराच्या मोडीत निघालेल्या तारांची भेंडोळी आणली, एसटीच्या टपावर टाकून, आणि बाभळीच्या मेढींवरून विहिरीपासून थेट ओसरीपर्यंत ओढली. ओसरीच्या भिंतीवर फळी, फळीवर बॅटरीच्या सेलवर चालणारे तीन दिवे. मोटार चालू असली की हिरवा, बंद पडली की तांबडा. पिवळ्याची तार विहिरीत तरंगणाऱ्या डालड्याच्या रिकाम्या डब्याला जोडलेली. पाणी उतरून डबा खाली गेला की पिवळा लागायचा.

जेवतानाही दाजींचं लक्ष पानात नसे, फळीवर असे. ताईनं पिठलं वाढलं की आमटी, हे त्यांना सांगता यायचं नाही. पण मोटारीच्या पेटीवर सरडा बसलाय हे आपण दिव्याच्या मिणमिणण्यावरून ओळखतो, असा त्यांचा दावा होता. एकदा उत्साहाच्या भरात त्यांनी म्हशीलाही तार बांधली, ती सुटली तर घंटा वाजावी म्हणून. म्हशीनं तार चावून टाकली. "जनावराला शास्त्र कळत न्हाई," एवढंच ते म्हणाले. त्यांचे वडील, तात्या, या सगळ्याला कोळ्याचं जाळं म्हणत आणि रोज दुपारी स्वतः विहिरीवर जाऊन पाणी बघून येत.

त्या दुष्काळाच्या वर्षी विहिरीत छातीएवढंच पाणी उरलं होतं. एका दुपारी आम्ही ओसरीवर बसलेलो असताना पिवळा दिवा लागला, विझला, परत लागला, परत विझला.

"तार ढिली झालीय," दाजी खाटेवरूनच म्हणाले. "इथं बसून रोग सांगतो, पाव्हणं. तिसऱ्या मेढीपाशी."

ताई आतून आली. दिव्याकडं बघत जरा थांबली. "अहो, तात्या अजून कसे आले नाहीत?"

दाजी अनवाणीच पळत सुटले. त्यांच्यामागं मी.

पायरीवरून घसरून तात्या विहिरीत पडले होते. पाय मुरगळलेला; कपारीला टेकून ते तो डबा पाण्यात दाबत होते आणि सोडत होते. आम्हाला बघून म्हणाले, "कवाधरनं दाबतोय. तुमचं हापिस बंद हुतं व्हय?"

विहिरीवरच्या जाड दोरानं तात्यांना वर घेतलं, तेव्हा त्यांचा सुजलेला पाय मांडीवर धरून दाजी तिथंच रडले. तात्या लेकाच्या पाठीवरून ओला हात फिरवत राहिले.

पाय बरा झाल्यावर बापलेक रोज संध्याकाळी विहिरीवर बरोबर जायला लागले. पुढं उन्हाळ्यात विहीर कोरडी ठाक पडली, तरी जात. काय बघायला, ते आम्ही कुणी विचारलं नाही.

आता तात्या नाहीत. दाजी एकटेच जातात. गाडीवाट सगळी मोकळी असते, तरी ते कडेनं चालतात, शेजारी एका माणसापुरती जागा सोडून.