सरूवहिनीची निवळी

भाच्याचा फोन आला तेव्हा मी निरवांगीच्या घरी ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. "आत्या, आई गेली," एवढंच तो म्हणाला. मी "बरं" म्हणाले. माणूस गेल्यावर कुणी "बरं" म्हणतं का? पण तोंडातून तेच आलं. हातातली शेंग फोडून दाणे सुपात टाकले आणि मग कळलं, आता मला "वन्सं" म्हणणारं कुणी उरलं नाही... त्याला महिना होत आला. येणारे-जाणारे म्हणतात, भरल्या घरातनं गेली, सोनं झालं. झालं असेल. पण तिच्या मनाला लागून राहिलेली एक गोष्ट तिच्याबरोबर गेली नाही, ती माझ्यापाशी राहिली आहे. म्हणून हे लिहिते आहे.

सरूवहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. सुप्याच्या कोरडवाहू घरातली मुलगी, माळेगावात आमच्या घरी लग्न होऊन आली ती पन्नास सालानंतरच्या वर्षांत. तिच्या माहेरी पावसाची वाट बघायची आणि आमच्याकडे कालव्याचं पाणी, ऊस, नवा कारखाना. बारामतीच्या हॉटेलांत दुधाला गिऱ्हाईक मिळू लागलं होतं. दादा सायकलला किटल्या अडकवून रोज पहाटे निघायचा. त्यामुळे आमच्या गोठ्यातल्या रेडकांना म्हशीनं पान्हा सोडेपर्यंतच तोंड लावायला मिळायचं. पान्हा सुटला की ओढून खुंट्याला, आणि पुढ्यात उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा पाला. टोणगा असेल तर त्याच्याकडं तेवढंही लक्ष नाही. आमची आई काही दुष्ट नव्हती, सगळ्या आळीची रीतच ती होती. वहिनीला मात्र ते बघवेना. नव्या सुनेनं रेडकासाठी दूध मागायचं म्हणजे मोठंच धाडस. पण तिचे वडील सुप्यात रेडकांना चुन्याची निवळी पाजायचे, चुना पाण्यात बसू दिल्यावर वर राहतं ते नितळ पाणी. त्यानं हाडं बळकट होतात म्हणे. चुना तर आईच्या पानाच्या चंचीपाशी हवा तेवढा. वहिनी तो हंडीत भिजवायची आणि रोज रेडकांचं तोंड धरून निवळी पाजायची. आई हसायची, पण खर्च नाही म्हटल्यावर अडवायची नाही.

मग रेडकं बिघडायला लागली. आधी डोळ्यांभोवतीचे केस गेले, चष्मा लावल्यासारखं दिसायला लागलं. मग नाकपुडीवर खपल्या, मानेची कातडी जाड होऊन तिला भेगा, गुडघे सुजलेले. सगळ्यांनी खरूज म्हणून सांगितलं. वहिनीनं करंजाच्या तेलात गंधक कालवून चोळलं. तिच्या हातांना तो वास इतका बसला की आई तिला चुलीपाशी येऊ देईना. अंगात ताकद यावी म्हणून तिनं निवळी वाढवली... एक रेडकू गेलं, मागोमाग दुसरं गेलं. मी माहेरपणाला आले तेव्हा तिसरं रेडकू, मादी, एक वगार, भिंतीला टेकून उभी होती आणि घरात वेगळंच बोलणं चाललं होतं. "ही आल्यापासनं गोठ्याला साडेसाती लागली," आई माझ्यासमोर दादाला म्हणाली. "वगार माळावर सोड आन् हिला काय दिवस सुप्याला धाड." दादा खाली बघत राहिला. आमचा दादा आयुष्यभर खाली बघतच राहिला म्हणा. सुप्याला धाडलेली सून परत कधी आणतील, याचा भरवसा त्या काळी कुणी द्यायचा?

मागच्या दारी वहिनीनं माझा हात धरला. "वन्सं, वगारीला तुमच्याकडं न्या. ती जगली तर त्यांचं तोंड बंद हुईल."

मी नेली. निरवांगीत माझ्या म्हशीचं रेडकू नुकतंच गेलं होतं आणि म्हैस पान्हा चोरत होती. तिला ही वगार लावली. मला दूध हवं होतं, त्यात परोपकार कसला. पण वगार पोटभर प्यायली, नीरेकाठचं हिरवं गवत चघळू लागली, आणि बघता बघता तिच्या डोळ्यांभोवती लव आली. दिवाळीपर्यंत कातडी काळी तुकतुकीत झाली. मी आनंदानं माळेगावला निरोप धाडला आणि तिथंच सगळं उलटं फिरलं. आई म्हणाली, "बघा. तिच्या हातातनं सुटली आन् जगली." वहिनीला सुप्याला धाडलं नाही, एवढंच. पण त्या दिवसापासून तिला गोठ्यातल्या कशाला हात लावू देईनात, आणि पुढं आई गेल्यावरही तिनं तो लावला नाही. म्हैस व्यायली की ती देवघरात जाऊन बसायची. स्वतःची पोरं झाली तेव्हासुद्धा बाळाच्या तोंडाला मधाचं पहिलं बोट लावायला दुसऱ्या कुणाला तरी बोलवायची. एवढी हुशार बाई, पण आपल्या हाताला यश नाही, हे तिनं खरं मानलं.

पुष्कळ वर्षांनी माझ्या लेकाच्या गोठ्यावर जनावरांचे डॉक्टर आले होते. बोलता बोलता मी त्या वगारीचं आणि निवळीचं सांगितलं. ते म्हणाले, "समोर बघितल्याशिवाय छातीठोक सांगता येत नाही, पण जस्त कमी पडलं की असंच होतं. दूध तोडलेलं, नुसतं वाढं, आणि वर चुना. चुन्यानं आहे तेवढं जस्तही अंगी लागत नाही." मला कोण आनंद झाला. दुसऱ्याच दिवशी मी माळेगाव गाठलं आणि सगळं सांगून म्हणाले, "वैनी, पायगुण न्हाय, काय न्हाय. उगंच जन्म जाळलास."

ती म्हणाली, "पायगुण व्हता तंवर बरं व्हतं, वन्सं. त्यात माझं काय चालणार? आता म्हंजे... मीच पाजलं की."

मी भांडले तिच्याशी. दूध कुणी तोडलं? वाढं कुणी घातलं? ज्यांनी काढून घेतलं त्यांना कधी टोचणी लागली नाही, आणि जिनं दिलं तिलाच लागावी? ती नुसती मान हलवत होती. मी सांगितलं ते बरं केलं का, हे मला अजून कळत नाही. रात्री झोप लागत नाही तेव्हा हेच येतं डोक्यात.

तेराव्यानंतर माळेगावला थांबले होते. संध्याकाळी भाचेसून किटली घेऊन गोठ्यात गेली, मीही मागं गेले. तिनं पारडू सोडलं, म्हशीला लावलं आणि किटली बाजूला ठेवून स्वस्थ बसून राहिली. पान्हा कधीच सुटला होता, पारडू ढुसण्या देत पीतच होतं.

मी म्हटलं, "अगं, डेरीची गाडी जाईल."

"जाऊ दे, आत्या. तुमी ते जस्ताचं सांगून गेला, त्याच्या दुसऱ्या दिवसापासनं सासूबाई रोज इथं दारात येऊन उभ्या ऱ्हायच्या. आत पाय न्हाय टाकला कधी. 'त्याचं झालं का?' एवढंच इचारायच्या." तिनं पदरानं नाक पुसलं. "न्हाय म्हणलं की जायच्या न्हाईत."

मी दारातच उभी होते. पारडू पीत होतं. त्याचं होईपर्यंत आम्ही दोघी थांबलो.